परसातील दोन बारमाही फुलझाडे : जास्वंद आणि कण्हेर

(इयत्ता ५ वी ते ७ वी. परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान यांसाठी अभ्यासपाठ)

१. विषयाचे प्रयोजन

जून महिना उजाडला की शाळाशाळांतून वृक्षारोपणाची तयारी सुरू होते. तेरडा, झेंडू यांसारखी हंगामी फुलझाडे तत्काळ फुलतात व डोळ्यांस सुख देतात. परंतु दसरा-दिवाळी सरली की त्यांचे आयुष्य संपते आणि वाफे ओस पडतात. या झाडांस वर्षायू म्हणतात. याउलट एकदा लावले असता अनेक वर्षे टिकणारे व दरवर्षी फुलणारे झाड बहुवर्षायू होय. पाचवीतील मुलाने लावलेले बहुवर्षायू झाड तो मुलगा शाळा सोडून गेल्यावरही तेथे उभे राहते. म्हणूनच त्याची निवड करताना हंगामी झाडापेक्षा अधिक विचार करावा लागतो.

महाराष्ट्रातील खेड्यांत अशी दोन झाडे सर्वत्र आढळतात. एक जास्वंद व दुसरे कण्हेर. दोन्हींची फुले देवास वाहिली जातात, दोन्ही झुडुपे पुरुषभर वा त्याहून अधिक उंच वाढतात, दोन्ही फांदीपासून होतात आणि दोन्हींच्या लाल, गुलाबी व पांढऱ्या जाती मिळतात. वरवर पाहता एकाच्या जागी दुसरे लावले तरी काही बिघडत नाही, असे वाटते. प्रत्यक्षात मात्र या दोहोंत एक असा भेद आहे की, तो न जाणता केलेली निवड मुलाच्या वा जनावराच्या जिवावर बेतू शकते. तो भेद मुलांना भीती न घालता, पण पुरेशा स्पष्टतेने समजावा, हाच या पाठाचा मुख्य हेतू आहे.

२. पूर्वतयारी

पाठाच्या आदल्या दिवशी शिक्षकाने गावात ही झाडे कोठे कोठे आहेत, हे स्वतः पाहून ठेवावे. देवळाचे आवार, विहिरीचा काठ, घरांची परसे व रस्त्याची कड ही नेहमीची ठिकाणे होत. पाठाच्या दिवशी जास्वंदीची पाच-सहा फुले व पानांसह एक फांदी आणावी. ही मुलांच्या हातांत देण्यास हरकत नाही. कण्हेरीची एकच लहान फांदी आणावी, ती पाण्याच्या बाटलीत उभी करून शिक्षकाच्या मेजावर ठेवावी व मुलांनी ती पाहावी, हाताळू नये. पाठ संपताच फांदी खड्ड्यात पुरावी, बाटलीतील पाणी जनावरे पिणार नाहीत अशा जागी ओतावे, बाटली पुन्हा पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये आणि हात साबणाने धुवावेत. ही दक्षता मुलांच्या देखत घेतली म्हणजे पुढील विवेचनास निम्मे बळ आपोआप मिळते.

याशिवाय टिपकागदाचे तुकडे, एक लिंबू, चुन्याची निवळी व एक भिंग एवढे साहित्य पुरेसे आहे.

३. पानांचे निरीक्षण

पाठाचा आरंभ फुलापासून न करता पानापासून करावा. कारण फूल वर्षभर असेलच असे नाही, पान मात्र नेहमी असते. ज्यास पानावरून झाड ओळखता येते, त्याची फसगत होत नाही.

जास्वंदीचे पान रुंद, टोकाशी निमुळते, चकचकीत हिरवे व कडेस दातेरी असते. फांदीवर पाने एकाआड एक येतात. पान चुरगळले असता हातास बुळबुळीत लागते. हाच बुळबुळीतपणा भेंडीतही असतो, हे मुलांच्याच तोंडून वदवून घ्यावे. कारण जास्वंद, भेंडी, अंबाडी व कापूस ही सर्व एकाच कुलातील झाडे होत. ज्या गावात कापूस पिकतो तेथे कपाशीचे फूल व जास्वंदीचे फूल शेजारी ठेवून दाखविल्यास हे नाते मुले कधीही विसरत नाहीत.

कण्हेरीचे पान लांबट, अरुंद, भाल्याच्या पात्यासारखे व जाड चामड्यासारखे असते. कडेस दाते नसतात. मध्यशीर ठळक असून तिच्यापासून दोन्ही बाजूंस असंख्य बारीक शिरा जवळजवळ काटकोनात निघालेल्या दिसतात. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे एका पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पानांचे कडे असते. या पानाच्या खालच्या बाजूस बारीक खळगे असतात आणि त्यांत केसांच्या आच्छादनाखाली पर्णरंध्रे दडलेली असतात. त्यामुळे कोरड्या वाऱ्यात पानातील पाणी लवकर उडून जात नाही. चैत्र-वैशाखात इतर झुडुपे माना टाकतात, तेव्हाही कण्हेर हिरवी का राहते, याचे उत्तर पानाच्या या रचनेत आहे. भूमध्य समुद्राच्या प्रदेशापासून आशियापर्यंत ज्या नद्यांची पात्रे उन्हाळ्यात कोरडी पडतात, त्यांच्या काठी ती रानटी स्थितीत वाढते, हेही येथे सांगावे.

४. फुलांचे निरीक्षण

फुलाचे भाग शिकविण्यास जास्वंदीइतके सोयीचे फूल दुसरे क्वचितच असेल. मात्र त्यासाठी एकेरी पाकळ्यांचे फूल घ्यावे. डबल जातीत पाकळ्यांच्या गर्दीत इतर भाग नीट दिसत नाहीत. देठाकडून आरंभ केल्यास प्रथम बारीक हिरव्या पट्ट्यांचे एक कडे लागते, त्याच्या आत पाच दलांचा हिरवा निदलपुंज व त्याच्या आत पाच पाकळ्यांचा दलपुंज असतो. मधोमध जी लांब दांडी बाहेर डोकावते, ती पुंकेसरांची नळी होय. अनेक पुंकेसरांचे तंतू जुळून ती बनलेली असते व तिच्या वरच्या भागावर पिवळ्या परागांचे कोश दिसतात. नळी हलक्या हाताने उभी चिरली असता आतून जाणारा कुक्षीवृंत दिसतो; त्याच्या टोकाशी पाच कुक्षी मखमली ठिपक्यांप्रमाणे शोभतात व तळाशी अंडाशय असतो. प्रत्येक मुलाने हे भाग स्वतः सुटे करून वहीत चिकटवावेत व त्यांपुढे नावे लिहावीत.

जास्वंदीच्या फुलास सुवास नसतो. तरीही भडक रंगामुळे व तळाशी असलेल्या मधामुळे शिंजीर पक्षी त्याकडे येतो. फूल सकाळी उमलते व बहुधा एक दिवसच टिकते. तथापि चांगल्या निगराणीत झाडावर रोज नवे फूल असते. आपल्याकडील लागवडीच्या जातींना बी क्वचितच धरते, म्हणून त्यांची वाढ फांदीपासून करावी लागते.

कण्हेरीची फुले फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात. पाच पाकळ्या तळाशी जुळून त्यांची नळी झालेली असते आणि नळीच्या मुखाशी झालरीसारखे तुकडे असतात. काही जातींच्या फुलांना मंद सुवास येतो. फळ लांब शेंगेसारखे असून वाळल्यावर उकलते व आतून रेशमी केसांचे तुरे असलेले बी वाऱ्यावर उडते. रुईच्या म्हाताऱ्या मुलांनी पाहिलेल्या असतात. त्यांची येथे आठवण करून द्यावी.

५. एक सोपा प्रयोग

लाल जास्वंदीच्या पाकळ्या टिपकागदावर घासून कागद रंगवावा व सावलीत वाळवावा. त्याच्या एका तुकड्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला असता तेथे गडद गुलाबी डाग उमटतो. दुसऱ्या तुकड्यावर शिक्षकाने चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला असता डाग हिरवट होतो. पहिला पदार्थ आम्ल व दुसरा आम्लारी होय. जेथे प्रयोगशाळा नाही अशा शाळेतही परसातील फूल दर्शकाचे काम करते. जास्वंद शाळेत लावण्याच्या कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण मानावे. हा प्रयोग कण्हेरीच्या फुलावर करू नये.

६. लागवड व निगा

दोन्ही झाडे पावसाळ्याच्या आरंभी छाटकलमाने लावता येतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही व फार जून नाही अशी, वीतभर लांबीची फांदी घ्यावी. तीवर तीन-चार पेरी असावीत. खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली तिरपा घ्यावा, खालची पाने काढून टाकावीत व दोन पेरी मातीत जातील अशी फांदी रोवावी. महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. कण्हेरीची फांदी तर नुसत्या पाण्यातही मुळे धरते.

यापुढे मात्र दोन्ही झाडांचे मार्ग वेगळे होतात. जास्वंदीस हातभर रुंद व तितकाच खोल खड्डा, कुजलेले शेणखत, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि दिवसातून पाच-सहा तास ऊन लागते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ बसली तर कळ्या गळतात. मुळाशी पाणी साचले तर मुळे कुजतात. शेळीस तिचा पाला फार प्रिय असल्याने पहिली दोन वर्षे काटेरी कुंपण अवश्य करावे. कोवळ्या शेंड्यांवर मावा व पिठ्या ढेकूण पडतो. प्रारंभी पाण्याच्या जोरदार धारेने कीड धुऊन काढावी; न हटल्यास निंबोळीची पूड पन्नास ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून ते पाणी फवारावे. फुले नव्या फुटीवर येत असल्यामुळे वर्षातून एकदा हलकी छाटणी करावी.

कण्हेरीस यांतील फारसे काही लागत नाही. मुरमाड जमीन, खारवट पाणी, धूळ व धूर हे सारे ती सोसते. मुळे एकदा स्थिरावली की पावसाळ्यानंतर तिला क्वचितच पाणी द्यावे लागते. पान कडू असल्यामुळे जनावरे बहुधा तिला तोंड लावीत नाहीत. याच गुणांमुळे महामार्गांच्या दुभाजकांत तिच्या लांबच लांब रांगा लावलेल्या दिसतात.

पाणीटंचाईच्या गावातील शिक्षकास कण्हेरीचा मोह पडणे म्हणूनच स्वाभाविक आहे. कुंपण नको, पाणी नको, खत नको आणि फुले मात्र भरपूर, असे झाड कोणास नको वाटेल? परंतु जनावर ज्या झाडास तोंड लावीत नाही, ते का लावीत नाही, हा प्रश्न मुलांपुढे येथेच ठेवावा.

७. कण्हेरीचे विष

कण्हेरीचे मूळ, साल, पान, फूल, बी व रस ही सर्व अंगे विषारी आहेत. तिच्यात हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ती पोटात गेली असता मळमळ, उलट्या, पोटदुखी व चक्कर ही लक्षणे दिसतात. नाडी मंद वा अनियमित होते आणि मात्रा अधिक असल्यास हृदयक्रिया बंद पडू शकते. पान वाळल्याने वा उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही. आपल्या पूर्वजांना याची जाण होती. संस्कृतात कण्हेरीस ‘करवीर’ हे नाव आहे, तसेच ‘हयमारक’ व ‘अश्वमारक’, म्हणजे घोड्यास मारणारी, अशीही नावे आहेत. झाडाच्या नावातच इशारा सांठविला गेला, परंतु ते नाव व्यवहारातून गेले आणि इशाराही विस्मरणात गेला.

धोका नेमका कोठून उद्भवतो, हे शिक्षकाने नीट समजून घ्यावे. उभ्या झाडास हात लागल्याने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो सवयीमुळे. मुले भातुकलीत पाने-फुले ‘शिजवितात’ व खाण्याचा आव आणता आणता तोंडातही घालतात. पानाची पिपाणी करून ओठांत धरतात. जास्वंदीच्या फुलाचा तळ मधासाठी चोखतात आणि तीच सवय शेजारच्या कण्हेरीवर चालवितात. मोठी माणसे छाटलेल्या फांद्यांचा पाला नकळत वैरणीत मिसळू देतात. वाळलेल्या पानाचा कडवटपणा चाऱ्यात जनावरास तितका जाणवत नाही आणि मूठभर पाल्यानेही गाय-बैल दगावू शकतात. कण्हेरीची काडी दातवण म्हणून वापरणे, तिच्या फांद्या चुलीत घालणे हेही तितकेच घातक आहे, कारण धुरातूनही त्रास होतो.

केरळात कण्हेरीस ‘अरळी’ म्हणतात. या फुला-पानांच्या विषबाधेविषयी तेथे चिंता निर्माण झाली, तेव्हा मे २०२४ मध्ये त्रावणकोर व मलबार येथील देवस्वम मंडळांनी आपल्या मंदिरांतील नैवेद्य व प्रसाद यांत अरळीची फुले वापरू नयेत असा निर्णय घेतला. आपल्याकडेही हा विवेक सहज पाळण्याजोगा आहे. देवास वाहिलेले फूल आणि मुखात घालावयाचा प्रसाद ही दोन ताटे वेगळी ठेवावीत.

याच संदर्भात बिट्टीचाही उल्लेख करावा. हिला पिवळी कण्हेर असेही म्हणतात. तिची पाने अरुंद असली तरी फांदीवर एकेकटी येतात, तोडल्यावर पांढरा चीक निघतो, फुले पिवळी व नरसाळ्यासारखी असतात आणि फळ हिरवे, त्रिकोणी असते. या फळातील बी अत्यंत विषारी आहे. बिट्ट्या खेळावयास घेण्याची मुलांची जुनी सवय असल्याने त्या तोंडात जाणार नाहीत, याची विशेष ताकीद द्यावी.

निसर्गात मात्र विष हेही एक साधन आहे. गडद तपकिरी पंखांच्या कडेस पांढरे ठिपके असलेले एक फुलपाखरू कण्हेरीवर अंडी घालते. त्याच्या अळ्या हीच पाने खाऊन वाढतात व त्यांचा कोश रुप्यासारखा चकाकतो. पानांतील विषामुळे पक्षी या कीटकांस सहसा खात नाहीत. जे एकास मारक ते दुसऱ्यास तारक, हे तत्त्व मुलांना या एका उदाहरणावरून पटते आणि झाडाविषयी तिरस्कारही निर्माण होत नाही.

८. विषबाधा झाल्यास

पुढील सूचना शाळेच्या फलकावर कायम लिहून ठेवाव्यात.

(१) तोंडातील अवशेष काढून तोंड पाण्याने धुवावे.
(२) मिठाचे पाणी देऊन वा घशात बोट घालून उलटी करवू नये. कोणतेही घरगुती औषध देऊ नये.
(३) लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा व मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात न्यावे.
(४) झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत न्यावी, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यास झाड ओळखता येईल.
(५) किती व केव्हा खाल्ले, हे मुलास न रागावता विचारावे. रागाच्या भयाने मूल खोटे बोलले तर उपचारास विलंब होतो.

जनावराच्या बाबतीत उरलेला चारा त्वरित बाजूस करून पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.

९. फलकलेखन

पाने : जास्वंद, रुंद, दातेरी, एकाआड एक. कण्हेर, अरुंद, सरळ कडेची, तीन-तीन.
फूल : जास्वंद, एकेकटे, मोठे, एक दिवसाचे. कण्हेर, झुबक्याने.
पाणी : जास्वंद, नियमित. कण्हेर, अल्प.
जनावरे : जास्वंद, आवडीने खातात, कुंपण हवे. कण्हेर, सहसा टाळतात. चाऱ्यात गेल्यास घातक.
विष : जास्वंद, नाही. कण्हेर, सर्वांगात.
जागा : जास्वंद, अंगण, परस, शाळा. कण्हेर, मुले व गुरे यांपासून दूर.

१०. निष्कर्ष : निवड कशी करावी

वरील तुलनेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. जास्वंद आपल्याकडून कष्ट मागते. कण्हेर कष्ट मागत नाही, पण सावधपणा मागते. पाणी रोज देण्याचे विसरले तर जास्वंदीचे फूल जाईल; सावधपणा एक दिवस विसरला तर कण्हेरीपायी त्याहून फार मोठे मोल द्यावे लागेल. जेथे लहान मुलांचा सतत वावर आहे, तेथे कष्ट मागणारे झाडच पत्करावे. म्हणून अंगणात, अंगणवाडीच्या व प्राथमिक शाळेच्या आवारात आणि शालेय पोषण आहारासाठी भाजीपाला पिकविणाऱ्या परसबागेत जास्वंद लावावी व कण्हेर लावू नये. पाण्याची अडचण असल्यास हातपाय धुण्याच्या जागेचे पाणी चर खणून जास्वंदीच्या आळ्याकडे वळवावे; दोन-तीन झाडे त्यावर सहज जगतात. साबणाचे दाट पाणी मात्र त्यात येऊ देऊ नये.

कण्हेरीस जागाच नाही असे मात्र नव्हे. जेथे पाणी पोहोचत नाही, गुरे बांधली जात नाहीत व मुले खेळत नाहीत, अशा रस्त्याच्या दुभाजकात वा उजाड जागी ती उत्तम शोभते. शाळेत पूर्वीपासून कण्हेर असल्यास घाबरून जाऊन ती तोडून चुलीत वा उकिरड्यावर टाकणे हा उपाय नव्हे. छाटलेला पाला पसरतो व धोका वाढतो. शाळा व्यवस्थापन समितीस विश्वासात घेऊन, सुटीच्या दिवशी, मोठ्या माणसांनी हातमोजे घालून ती मुळासकट काढावी व खोल खड्ड्यात पुरावी. तोपर्यंत तिच्याभोवती कुंपण करून ‘कण्हेर : विषारी झाड. पाहावे, तोंडात घालू नये’ अशी पाटी लावावी. पाटी मुलांकडूनच लिहून घेतल्यास ती अधिक वाचली जाते.

११. स्वाध्याय

(१) आपल्या वस्तीतील जास्वंद, कण्हेर व बिट्टी यांची झाडे कोठे आहेत, ते दाखविणारा कच्चा नकाशा काढा. गुरांचे गोठे व मुलांची खेळण्याची जागाही त्यात दाखवा.
(२) जास्वंदीच्या एका कळीचे चार दिवस निरीक्षण करून ती केव्हा उमलली व केव्हा मिटली, याची नोंद करा.
(३) फूल नसताना केवळ पानावरून तिन्ही झाडे कशी ओळखाल, ते प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
(४) घरी आई-वडिलांना व आजी-आजोबांना कण्हेरीविषयी काय ठाऊक आहे, ते विचारून लिहून आणा आणि शाळेत शिकलेले त्यांना सांगा.

यांपैकी चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा समजावा. वैरण कापणारे, कुंपण छाटणारे व चूल पेटविणारे हात घरी असतात आणि त्यांच्यापर्यंत हे ज्ञान मुलांच्याच मुखाने पोहोचावयाचे असते. पहिल्या प्रश्नातील नकाशे शिक्षकाने जमवून ठेवावेत. ज्या ठिकाणी गोठा व कण्हेर एकमेकांलगत आढळतील, तेथे त्या घरी जाऊन दोन शब्द सांगावेत. हा पाठ तेव्हा पूर्ण झाला असे समजावे.